घोटाचा हिशेब

शंकेखोर : ‘आवाज आणि गिळणं’ अशी जोडपाटी एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेवर दिसली की मला पहिला प्रश्न पडतो तो माणसांचा. आत बसतं कोण? कान-नाक-घशाचा सर्जन, स्पीच थेरपिस्ट, हवेच्या दाबाची गणितं मांडणारा इंजिनिअर, उंदरांवर काम करणारा शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आणि या सगळ्यांचं रोजचं काम ओढणारे पीएच.डी.चे विद्यार्थी. एकाला गायकाच्या तारसप्तकाची काळजी, दुसरीला लकवा झालेल्या म्हाताऱ्याच्या घोटभर पाण्याची. यांची पुस्तकं वेगळी, परिषदा वेगळ्या, रोगीही वेगळे. मला तर वाटतं की खोल्या कमी पडल्या, अनुदान एकत्र मागितलं तर लवकर मिळतं, म्हणून दोन बिऱ्हाडं एका छपराखाली आणली. अशा ठिकाणी प्रत्येक जण आपापल्या यंत्रासमोर बसतो आणि बाहेर सांगताना ‘आम्ही’ म्हणतो. हे ‘आम्ही’ खरं आहे का, हे आधी कळायला हवं.

पाठीराखा : ही बिऱ्हाडं विद्यापीठानं एकत्र आणलेली नाहीत, ती शरीरातच एकत्र आहेत. स्वरयंत्र म्हणजे आवाजाचं घर असं आपण मानतो, पण त्याचं जुनं काम राखणदाराचं आहे. घशातून हवा एका वाटेनं जाते आणि घास दुसऱ्या वाटेनं, आणि दोन्ही वाटा एका चौकात एकमेकींना छेदतात. तुम्ही घोट घेता तेव्हा श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जाऊन जिभेच्या मुळाखाली दडतं, वरचं झाकण मिटतं, स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि खाली अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा प्रकार साधारण एका सेकंदात उरकतो. जे स्वरतंतू बोलताना पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला शंभरावर आणि बाईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास वेळा कापतात, तेच इथे दार लावून उभे असतात. त्यामुळे दार बिघडलं की दोन्ही तक्रारी एकदम येतात. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत मागून जाणाऱ्या नसेला इजा झाली तर आवाज फुसका होतो आणि पाणी पिताना ठसकाही लागतो. पार्किन्सनमध्ये बोलणं पुटपुटण्यावर येतं आणि त्याच रोग्याचा घास घशात रेंगाळतो. रोगी एकच आहे. त्याला दोन इमारतींत पाठवणं हा आपला सोयीचा मामला झाला.

शंकेखोर : शरीर एक आहे हे मान्य. पण शरीर एक असल्यानं त्यावर काम करणारी माणसं एकमेकांची भाषा बोलू लागतात असं होत नाही. डोळा आणि मेंदूही जोडलेले आहेत, तरी त्यांचे डॉक्टर वेगळे. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं आरसा आणि उन्हाचा कवडसा वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. १९७४ साली जपानच्या कुरुमे विद्यापीठात मिनोरू हिरानो यांनी दाखवलं की स्वरतंतू ही नुसती तार नव्हे, आत घट्ट स्नायू आणि वर मऊ, सैल अस्तर अशी दुपदरी रचना आहे, आणि मुख्यतः ते अस्तर लहरतं. हा झाला आवाजाचा वंश. गिळण्याचा वंश निराळा. तिथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांचं १९८३ चं पुस्तक, आणि बेरियम मिसळलेला घास रोग्याला देऊन एक्स-रेच्या पडद्यावर तो उतरताना बघण्याची पद्धत. या दोन वंशांतली सोयरीक अलीकडची आहे. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तर उंदरांची माणसाला ऐकू न येणारी किलबिल नोंदवणारी माणसंही या कामात आहेत. त्या किलबिलीचा आणि जेवताना गुदमरणाऱ्या आजोबांचा संबंध मला कुणी तरी समजावून सांगावा.

पाठीराखा : मॅडिसनचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे या सगळ्या खोल्या एकाच विद्यापीठात आहेत. पार्किन्सनचं निदान होतं तेव्हा हात थरथरायला लागलेला असतो आणि मेंदूतली हानी बरीच पुढे गेलेली असते. त्याआधीच्या वर्षांत त्या माणसाचा गळा काय सांगत होता, हे मागे जाऊन पाहता येत नाही. ज्या उंदरांत रोगाशी निगडित जनुकीय दोष आणलेला असतो, त्यांच्यावर मात्र पहिल्या दिवसापासून नजर ठेवता येते. आणि त्यांच्या हाकांमध्ये बदल लवकर दिसतो. म्हणजे गळा हा रोगाची आगाऊ वर्दी देणारा अवयव असू शकतो. दुसरं उदाहरण जिभेचं. तिथे म्हाताऱ्या उंदरांना पाणी मिळवण्यासाठी जीभ जोरानं दाबायला लावून जिभेच्या स्नायूंत काय फरक पडतो ते पाहिलं गेलं. त्याच विद्यापीठात जोॲन रॉबिन्स यांनी २००५ साली सत्तरी ओलांडलेल्या दहा निरोगी माणसांकडून आठ आठवडे जीभ टाळूवर दाबण्याचा व्यायाम करून घेतला, आणि त्यांच्या जिभेची ताकद वाढली. उंदरात स्नायूचा तुकडा काढून तपासता येतो, माणसात तसं करता येत नाही. माणूस ‘आता भाकरी सोपी जाते’ असं सांगू शकतो, उंदराला ते सांगता येत नाही. या दोन खोल्यांमधून जा-ये करणारी माणसं नसतील तर दोन्हीकडचं ज्ञान अर्धं राहील. २०१५ साली तिथेच माणसाच्या स्वरतंतूंच्या पेशी वाढवून त्यांचं अस्तर तयार केलं गेलं, मेलेल्या कुत्र्याच्या काढून ठेवलेल्या स्वरयंत्रात ते बसवलं आणि खालून ओलसर हवा सोडल्यावर ते लहरून आवाज निघाला. त्या एका आवाजामागे पेशी सांभाळणारे, हवेचा दाब मोजणारे आणि ‘हा आवाज आवाजासारखा आहे का’ हे कानानं ठरवणारे असे तिघेही लागले.

शंकेखोर : कानानं ठरवणारे! बरं झालं तुम्हीच तो शब्द काढलात. माझी मुख्य शंका तिथेच आहे. या क्षेत्रातले आकडे बाहेरून फार टणक दिसतात, पण आत गेलं की बहुतेक आकड्यांच्या मुळाशी कुणाचा तरी डोळा किंवा कान निघतो. घास श्वासनलिकेत गेला की नाही, यावर दोन तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत होतं. पण घशात किती उरलं, जीभ किती मागे आली, गिळणं किती उशिरा सुरू झालं, अशा प्रश्नांवर ते ढिलं पडतं. आवाजाचं आणखी कठीण. ‘घोगरा’ म्हणजे किती घोगरा? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जोडी क्रायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ च्या सुमारासच या प्रश्नाची कसून झडती घेतली आणि ऐकणाऱ्यांची मतं एकमेकांशी किती कमी जुळतात हे मांडलं. मग ज्याला तुम्ही मोजमाप म्हणता, ते रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीचं मत असतं. तिचं नाव लेखाच्या तळाशी आभारात येतं. आणि तिच्या मतावर कुणाचं तरी जेवण बंद होऊन नाकात राइल्स ट्यूब बसते.

पाठीराखा : ती विद्यार्थिनी काय करते ते जवळून पाहा. समोर एक्स-रेची फीत आहे, सेकंदाला ३० चौकटी. म्हणजे एक चौकट साधारण ३३ मिलिसेकंदांची. पडद्यावर जबड्याची कड दिसते, मानेचे मणके दिसतात, जिभेवर बेरियमचा काळसर गोळा दिसतो. तिला दोन क्षण शोधायचे आहेत. गोळ्याचं टोक जबड्याच्या हाडापाशी कोणत्या चौकटीत पोचलं, आणि जिभेखालचं नालासारखं छोटं हाड झटक्यानं वर निघालं ते कोणत्या चौकटीत. ते हाड आधीही थोडं हलत असतं. रोगी घास तोंडात घोळवतो तेव्हा ते वर-खाली डुलतं. खरी उसळी कोणती आणि उगाच डुलणं कोणतं, हे ठरवायला ती फीत मागे-पुढे दहादा फिरवते. एक चौकट पुढे की मागे यावर तिचं आणि शेजारणीचं जमत नाही. रोगी कोण, उपचाराआधीची फीत की नंतरची, हे दोघींनाही सांगितलेलं नसतं. फितींचा काही हिस्सा मुद्दाम दोघींना स्वतंत्रपणे दिला जातो, काही फिती तिच्याच समोर काही आठवड्यांनी पुन्हा येतात, आणि ती स्वतःशी तरी सहमत आहे का हे तपासलं जातं. दक्षिण कॅरोलायनात बॉनी मार्टिन-हॅरिस यांनी २००८ साली मांडलेल्या पद्धतीत गिळण्याचे १७ घटक स्वतंत्र तपासायचे असतात, आणि ८० टक्के जुळणी साधल्याशिवाय परीक्षकाला मान्यता मिळत नाही. मॅडिसनच्याच रोझेनबेक, रॉबिन्स आणि मंडळींनी १९९६ साली आठ पायऱ्यांची मोजपट्टी केली. पहिली पायरी म्हणजे श्वासमार्गात काहीच शिरलं नाही. आठवी म्हणजे स्वरतंतूंच्या खाली उतरलं आणि शरीरानं ते बाहेर टाकायचा प्रयत्नही केला नाही. ही आठवी पायरी घरच्यांना कधीच दिसत नाही, कारण ठसकाच लागत नाही. घरी सगळे म्हणतात, ‘आता छान जेवतात.’ ती पायरी पकडायला शिकवलेला डोळाच लागतो. मतभेद होतात हे खरं, पण या लोकांनी ते झाकून ठेवलेले नाहीत. किती मतभेद झाले, हेही ते छापतात.

शंकेखोर : छापतात हे कौतुकाचंच. पण त्या डोळ्याला आणि कानाला शिकवलं कुणी, आणि कोणत्या माणसांवर? २००२ साली पिट्सबर्गला तज्ज्ञ जमले आणि आवाज जोखण्यासाठी १०० मिलिमीटरच्या रेघेवर खूण करायची पद्धत ठरली. त्यासाठीची वाक्यं इंग्रजी. त्या कानाला आवाजातून हवा गळली की दोष ऐकू येतो. पण मराठी माणूस ‘घर’, ‘भात’, ‘धार’ म्हणतो तेव्हा त्या व्यंजनातच श्वास मिसळलेला असतो. ‘म्हणणं’, ‘न्हाणं’, ‘कोल्हा’, ‘जेव्हा’ यांत तर म, न, ल, व सुद्धा श्वासाळलेले. आपल्याकडे हवा मिसळल्यानं शब्दाचा अर्थ बदलतो. ‘बात’ वेगळी आणि ‘भात’ वेगळा. इंग्रजी कान घेऊन बसलेला परीक्षक अशा नमुन्यावर काय खूण करील? आणि आपला थेरपिस्ट त्यांचंच माप घेऊन बसला तर?

पाठीराखा : हा आक्षेप मी खोडणार नाही, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. माप यंत्रात असतं तर ते जसंच्या तसं आणून प्लगला लावता आलं असतं. ते माणसाच्या कानात आहे, म्हणून मराठी कान तयार करायला मराठी नमुने लागतील. श्वास मिसळलेली अक्षरं टाळणारी वाक्यं एका बाजूला, ती मुद्दाम भरलेली वाक्यं दुसऱ्या बाजूला, असं नव्यानं बांधावं लागेल. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आहे, मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून, नायर रुग्णालयात हा अभ्यासक्रम शिकवला जातो. म्हणजे माणसं घडतात. आता कुणी म्हणेल की हे सगळं संगणक करील. पण चौकटी ओळखायला संगणकाला शिकवतं कोण? त्याच विद्यार्थिनींनी केलेल्या खुणा. त्यांची चूक त्याच्यात उतरते, आणि त्या जसं भांडून एक चौकट मागे येतात तसं त्याला येता येत नाही.

शंकेखोर : मग आता पाण्याकडे येऊ. तुमच्या प्रयोगशाळांनी जगाला दिलेली सर्वांत पसरलेली गोष्ट म्हणजे घट्ट केलेलं पाणी. पातळ पाणी भरकन घसरतं, दार मिटायच्या आत आत शिरतं, म्हणून त्यात पावडर घालून ते मधासारखं करायचं. एक्स-रेच्या पडद्यावर हे छान दिसतं. घट्ट घोट सावकाश येतो, श्वासमार्गात कमी जातो. या पडद्याच्या भरवशावर कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं साधं पाणी बंद झालं. उन्हाळ्यात घसा कोरडा पडलेल्या माणसाच्या हातात लापशीसारखं पाणी द्यायचं आणि म्हणायचं, हे तुमच्या भल्यासाठी. पडद्यावरच्या त्या दोन-तीन मिनिटांवरून वर्षभराच्या जेवणाचा निकाल लावण्याचा अधिकार या लोकांना कुणी दिला?

पाठीराखा : त्या अधिकाराची झडती बाहेरच्या कुणी घेतली नाही. ती याच लोकांनी घेतली, आणि या क्षेत्राबद्दल मला जो आदर आहे त्याचं मूळ इथे आहे. लोगमन आणि रॉबिन्स दोघीही घट्ट द्रवांचा आणि हनुवटी छातीशी आणून गिळण्याचा उपाय शिकवणाऱ्या पिढीतल्या. त्यांनीच डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असलेल्या रोग्यांवर मोठी चाचणी उभारली. २००८ साली दोन निकाल आले. पहिला ७११ रोग्यांचा, पडद्यावरचा. त्यात मधासारखा द्रव सर्वांत सुरक्षित, त्याखालोखाल सरबतासारखा दाट, आणि हनुवटी खाली करून साधं पाणी सर्वांत मागे. पडद्याचं म्हणणं खरं ठरलं. दुसरा ५१५ रोग्यांचा, तीन महिने मागोवा घेतलेला. न्यूमोनिया झाला साधारण ११ टक्क्यांना. हनुवटी खाली करणाऱ्यांत ९.८ टक्के, घट्ट द्रव पिणाऱ्यांत ११.६ टक्के, म्हणजे फरक आहे असं म्हणता येऊ नये इतका. उलट अंगातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण घट्ट द्रवाच्या गटात ६ टक्के, दुसऱ्या गटात २ टक्के. ज्यांनी आयुष्यभर पडद्याकडे बोट दाखवून शिकवलं, त्यांनीच आपल्या नावानिशी छापलं की पडद्यावरचा विजय तीन महिन्यांनंतरच्या न्यूमोनियात दिसला नाही. असं छापायला काय लागत असेल, याचा विचार करा.

शंकेखोर : विचार केला. आणि त्या चाचणीत काय नव्हतं, तेही पाहिलं. कोणताच उपाय न केलेला, साधं पाणी साध्या तऱ्हेनं पिणारा गट त्यात नव्हता. म्हणजे हे दोन्ही उपाय काहीच न करण्यापेक्षा बरे की वाईट, हे त्या ५१५ माणसांनंतरही कळलं नाही. पण माझी तक्रार त्याहून पुढची आहे. निकाल छापून आला तरी रुग्णालयांतून घट्ट पाणी गेलं नाही. प्रयोगशाळेतून बाहेर पडताना नियम भराभर चालतो आणि त्यामागची शंका दारातच राहते. मॅडिसनच्या प्रबंधात ‘कदाचित’, ‘या रोग्यांपुरतं’, ‘तीन महिन्यांपुरतं’ असे शब्द असतात. तोच नियम आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावी पोचतो तेव्हा त्यात नुसतं ‘पाणी देऊ नका’ उरतं. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेले किती तरी लोक परळच्या टाटा रुग्णालयातून अर्धी जीभ गमावून घरी जातात. त्यांच्या गावात एक्स-रेची चलफीत नाही, थेरपिस्ट नाही. त्यांच्यापर्यंत चौकटी मोजणाऱ्यांचं काय पोचतं?

पाठीराखा : दोन गोष्टी पोचू शकतात, आणि दोन्हींना यंत्र लागत नाही. एक, सिरिंज. २०१३ पासून वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून घास आणि घोटांच्या शून्य ते सात अशा पायऱ्या ठरवल्या. द्रव कोणत्या पायरीचा, हे पाहायला १० मिलिलिटरची ठरलेल्या मापाची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालच्या तोंडावर बोट ठेवून दहाच्या खुणेपर्यंत द्रव भरायचा, बोट काढायचं आणि दहा सेकंद मोजायचे. एक मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखं पातळ. एक ते चार उरलं तर पहिली पायरी, चार ते आठ दुसरी, आठच्या वर पण दहापेक्षा कमी उरलं तर तिसरी. यात ताक मोजता येतं, तांदळाची पेज मोजता येते, नाचणीची आंबील मोजता येते. विकतची पावडर न आणताही घरातल्या ओळखीच्या चवीतून हवी ती पायरी गाठता येते. दुसरी गोष्ट सुझन लँगमोर यांच्या १९९८ च्या अभ्यासातली. १८९ वृद्धांचा मागोवा घेऊन त्यांनी शोधलं की श्वासमार्गात अन्न-लाळ जाऊन होणारा न्यूमोनिया नक्की कुणाला होतो. गिळण्याचा बिघाड हे कारण होतंच, पण एकटं पुरेसं नव्हतं. ज्यांना दुसऱ्यानं भरवावं लागतं, ज्यांचं तोंड दुसऱ्यानं धुवावं लागतं, ज्यांचे बरेच दात किडलेले आहेत, त्यांना धोका जास्त. १९८८ मध्ये नाकातून दुर्बीण घालून गिळणं पाहण्याची पद्धत मांडणाऱ्यांतल्या या बाई, म्हणजे डोळ्यावर विश्वास ठेवणाऱ्या. त्यांचा आकडा शेवटी टूथब्रशकडे आणि भरवणाऱ्या हाताकडे बोट दाखवतो.

शंकेखोर : भरवणारा हात. तर मग माझा पहिला प्रश्न मी पुन्हा विचारतो. प्रयोगशाळेत बसतं कोण? सर्जन आहे, इंजिनिअर आहे, थेरपिस्ट आहे, विद्यार्थिनी आहेत. जिच्या हातावर न्यूमोनिया ठरतो ती सून, ती मुलगी, ती आयाबाई कुठे आहे? घास कधी थांबवायचा, आधीचा गिळला की गालात साठवला, आज डोळे मिटतायत म्हणून भरवू नये का, हे ती रोज तीन वेळा ठरवते. तिच्या निर्णयाची एकही चौकट कुणी मोजलेली नाही.

पाठीराखा : तिच्याकडे जाणारी एक वाट आहे, पण ती अर्ध्यावर थांबते. गिळण्याचा बिघाड झाल्यावर जगणं कसं होतं, हे विचारणारी ४४ प्रश्नांची प्रश्नावली २००२ साली छापून आली. ती करणाऱ्यांत रॉबिन्स आणि रोझेनबेकही होते. जेवायला किती वेळ लागतो, जेवावंसं वाटतं का, चारचौघांत मिसळणं अवघड होतं का, असं त्यात विचारलं आहे. म्हणजे चौकटी मोजणाऱ्यांनाच कळलं की आपण ताटापर्यंत पोचलेलो नाही. पण ही प्रश्नावली रोग्यानं भरायची.

शंकेखोर : आणि डिमेन्शिया झालेला रोगी?

पाठीराखा : त्याच्या वतीनं दुसरं कुणी तरी भरतं. बहुतेक वेळा भरवणारीच.

शंकेखोर : म्हणजे ‘यांना जेवावंसं वाटतं का’ याचं उत्तर, जी भरवून दमलेली आहे तीच देणार. तिचं दमणं त्या उत्तरात मिसळणार. तुमच्या विद्यार्थिनीला रोगी कोण ते सांगत नाहीत, कारण ओळखीनं डोळा फसतो म्हणून. इथे तर ओळखीशिवाय उत्तरच नाही.

पाठीराखा : हो. आणि तिला प्रयोगशाळेत बोलावून आणखी दहा तक्ते भरायला दिले, तर तिच्याच दिवसातली तासभर झोप जाईल. तिचं म्हणणं न घेता पुढे गेलं, तर शंभरातले कोण त्या ११ मध्ये येतात ते कळणार नाही. मला वाटतं तिला आत घ्यायला हवं. ते तिच्यावर भार न टाकता कसं करायचं, हे मला सांगता येत नाही.

शंकेखोर : आणि आजोबांनी साधं पाणी मागितलं तर आज संध्याकाळी ती काय करणार?

पाठीराखा : आधी त्यांचं तोंड धुवील, उशी लावून ताठ बसवील, आणि चमच्यानं एक घोट देऊन थांबेल. दुसरा द्यायचा की नाही, ते तिलाच ठरवावं लागेल.